तत्रैव यांच्या मते

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या शोधनिबंधात मी एका थोर विद्वानाचा आधार चार ठिकाणी घेतला होता. त्या विद्वानाचं नाव तत्रैव.

आज सत्त्याहत्तराव्या वर्षी हे लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा मात्र आठ दिवस आपण कॉलेजात आलोच कशाला, एवढा एकच विचार डोक्यात होता.

मी अठरा वर्षांची होते. आईवडील दूर होते, कॉलेज आत्याच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, म्हणून मी आत्याकडे राहायला आले. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गल्लीच्या टोकाला वाफेवर चालणारी मोठी लाँड्री होती, इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी. तिथं इस्त्री विभागात तिनं एकतीस वर्षं काढली होती. मी आले त्याच्या आदल्याच वर्षी लाँड्री बंद पडली आणि आत्या घरी बसली. बसली म्हणायचं एवढंच. तिच्या दोन खोल्यांत चुरगळलेली वस्तू टिकत नसे. वर्तमानपत्र वाचून झालं की कडेला कड जुळवून ते चौघडी घातलेलं दिसे. मी एकदा रुमालाचा बोळा करून उशीखाली ठेवला, तर संध्याकाळी तो घडी होऊन माझ्या वहीवर बसलेला. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचे फिकट डाग होते. कुणी विचारलं तर ती म्हणे, "ती माझी हजेरी आहे."

कॉलेजात पहिल्या वर्षाच्या अकरा जणांना निवडून एक वेगळा वर्ग केला होता. त्यात संशोधन कसं करायचं ते शिकवत. माझं नाव त्या अकरांत कसं आलं ते मला अजून कळलेलं नाही. माझा अंदाज असा की अक्षरामुळे. शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मी सहा वर्षं सोडलं नव्हतं. धडा जसाच्या तसा, शुद्ध आणि वळणदार लिहून काढायचा, की बाई पाठ थोपटायच्या. अभ्यास म्हणजे काय तर एवढंच, अशी माझी समजूत.

या वर्गाला शिकवणाऱ्या बाई बुटक्या होत्या, बारा महिने राखाडी स्वेटर घालत आणि आम्हाला अहोजाहो करत. अठरा वर्षांच्या पोरांना कुणी 'तुम्ही' म्हटलं की ती मागे वळून बघतात, मागे कोण मोठं माणूस उभं आहे ते. त्यांच्या हातात कायम हिरवी पेन्सिल असे. वहीत कुठेही 'असे म्हणतात', 'असा समज आहे' किंवा नुसतं 'म्हणे' आलं, की त्याभोवती हिरवं वर्तुळ आणि समासात एकच शब्द: 'कोण?' म्हणून पोरांनी त्यांचं नाव कोणबाई ठेवलं होतं.

आता आमच्या घरात 'म्हणे'शिवाय वाक्य उभं राहत नाही. शेजारीण आजारी आहे म्हणे. यंदा थंडी फार पडणार म्हणे. कोण म्हणे, कधी म्हणे, हे विचारलं तर समोरचा माणूस आपल्याकडेच संशयानं बघेल. अशा घरातून मी कोणबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले होते.

पहिल्याच तासाला बाईंनी काम दिलं. "तुमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावरची एक गोष्ट निवडा. तिच्याबद्दल बारा पानं लिहा. जे लिहाल ते तुम्हाला कुठून कळलं, ते तळटीप देऊन सांगा. आणि प्रत्येक टिपण ज्या कागदावर पहिल्यांदा उतरवून घेतलंत, तोच कागद निबंधाला जोडा. मळका चालेल, फाटका चालेल. नव्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलेला चालणार नाही."

सुवाच्य चालणार नाही! माझ्या हातातलं एकमेव हत्यार पहिल्याच दिवशी काढून घेतलं.

मी लाँड्री निवडली. लांब जायला नको, आणि रोज येताजाता तिची बंद दारं दिसत. मग कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. एवढी पुस्तकं एका जागी मी पाहिली नव्हती. शाळेत एक कपाट होतं आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे. इथं भिंतभर लाकडी खण, खणांत पुस्तकांच्या नावांची कार्डं, आणि समोरच्या उंच टेबलामागे ग्रंथपाल; नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांना काही विचारायचं म्हणजे आपल्याला काही येत नाही हे कबूल करायचं. मी ठरवलं, विचारायचं नाही.

शोधता शोधता शहरातल्या जुन्या कारखान्यांवरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्यात लाँड्रीवर साडेतीन पानं होती आणि पानांच्या तळाशी बारीक टाइपात टिपा. त्या मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. एक-दोन लेखकांची नावं, आणि मग: तत्रैव, पृ. ४१. तत्रैव, पृ. ४३. तत्रैव, पृ. ५०. पुढच्या प्रकरणात गोदीबद्दल लिहिलं होतं, तिथंही तत्रैव. साबणाच्या कारखान्याच्या प्रकरणातही तत्रैव. मी थक्क झाले. काय हा माणूस! लाँड्री म्हणू नका, गोदी म्हणू नका, साबण म्हणू नका, सगळ्यावर याचा अभ्यास!

आता अशा माणसाचं मूळ पुस्तकच वाचायला हवं. मी 'त'चा खण उघडला. नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला, कदाचित कार्ड मागेपुढे झालं असेल. नाही. तिसऱ्यांदा उघडताना ग्रंथपाल चष्म्यावरून बघताहेत असं वाटलं, म्हणून घाईनं खण लावला आणि त्यात बोट चेंगरून घेतलं. पुस्तक मिळालं नाही, पण एवढ्या मोठ्या माणसाला वगळणंही बरं दिसेना. मग मी जाडजूड पुस्तकातली वाक्यं माझ्या वळणदार अक्षरात उतरवून काढली आणि चार ठिकाणी लिहिलं, 'थोर अभ्यासक तत्रैव यांच्या मते'.

उरलेली जागा गल्लीतल्या ऐकीव गोष्टींनी भरली. त्यातली एक भोंग्याची. लाँड्रीचं काम सहाला सुरू होई, पण सकाळचा भोंगा दहा मिनिटं आधीच वाजे. का, तर बॉयलरवाल्याचं घड्याळ पुढे असे म्हणे.

निबंध वर्गात उभं राहून वाचायचे होते. माझा नंबर चौथा. पहिल्या 'तत्रैव यांच्या मते'ला मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. दुसऱ्याला दोघं खोकले. तिसऱ्याला वर्गभर हशा फुटला. खिडकीजवळ एक उंच मुलगा बसत असे, वडील प्राध्यापक, त्यामुळे त्याला असल्या गोष्टी पाळण्यापासून ठाऊक. तो तर डोकं बाकावर टेकून गदगदत होता. मी वाचायची थांबले. कशाला हसताहेत तेच मला कळत नव्हतं, आणि ते सगळ्यात वाईट.

कोणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "यांचं पुस्तक तुम्ही पाहिलंत?"

"नाही बाई. मिळालं नाही."

"मग त्यांचं मत तुम्हाला कुठून कळलं?"

मी हातातलं पान उलटून पाहिलं.

"तत्रैव म्हणजे तिथेच," बाई म्हणाल्या. "आधीच्या टिपेत जे पुस्तक सांगितलं, तेच पुन्हा. नाव पुन्हा पुन्हा लिहायला नको, म्हणून. हा शब्द माहीत नसणं हा गुन्हा नाही. न पाहिलेल्या माणसाचं मत छातीठोकपणे सांगणं ही मात्र चूक आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा लिहून आणा. तेव्हाही जमलं नाही तर तुम्हाला साध्या वर्गात पाठवावं लागेल."

निबंध परत आला तेव्हा हिरव्या वर्तुळांनी भरला होता. 'घड्याळ पुढे असे म्हणे' याभोवती तर दोन वर्तुळं. कोण?

तास संपल्यावर उंच मुलगा दाराशी उभा राहून वाकून म्हणाला, "या, तत्रैवबाई, आधी तुम्ही." आठवडाभर तेच. जिन्यात तत्रैवबाई, नळावर तत्रैवबाई. एकदा फळ्यावर कुणीतरी लिहिलं, 'उद्या तत्रैव यांचे व्याख्यान. स्थळ: तिथेच.' आज मला हा विनोद आवडतो. त्या दिवशी मी घरी येऊन नाव काढून घेण्याचा अर्ज लिहिला.

साध्या वर्गात जायचीही माझी तयारी नव्हती. कॉलेजच सोडायचं होतं. मामाचं वह्यापुस्तकांचं दुकान होतं, तिथं बसेन, अक्षर चांगलं आहे, पाट्या लिहीन. 'कौटुंबिक अडचणीमुळे मला पुढील शिक्षण घेणे शक्य नाही, तरी माझे नाव कमी करावे.' कोऱ्या कागदावर, एकाच बाजूला, समास सोडून. इतकं देखणं अक्षर मी पुन्हा कधी काढलं नसेन. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ मारली. पालक म्हणून आत्याचं नाव होतं.

रविवारी सकाळी आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "आत्या, इथं एक सही दे."

"हात ओले आहेत. वाच."

"साधाच आहे गं. कॉलेजचा."

"साधा आहे तर वाचायला काय जातंय?"

मी वाचला. आत्यानं हातातली शेंग संपवली, हात पुसले, चष्मा लावला आणि कागद स्वतः पुन्हा वाचला, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून. मग म्हणाली, "कौटुंबिक अडचण. कुणाची?"

"तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत असू दे. अडचण कुणाची ते विचारतेय. तुझ्या बापाची? परवाच पत्र आलंय, तो ठणठणीत आहे. माझी? मी कुठे म्हटलं? मग हे म्हणतंय कोण?"

हिरवी पेन्सिल तेवढी नव्हती तिच्या हातात.

मग मला रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं. तत्रैव, फळा, बोट चेंगरलं तेसुद्धा. आत्यानं ऐकता ऐकता उरलेल्या शेंगा पुढे ओढल्या. माझं आटपल्यावर म्हणाली, "माझ्या लाँड्रीवर निबंध लिहिलास आणि मला दाखवलाही नाहीस?"

खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. संशोधन म्हणजे पुस्तकात. आत्या म्हणजे घरात. ती पुस्तकात कशी असेल?

"आण इकडे."

निबंध आणून दिला. ती बोट फिरवत वाचत गेली. दोनदा 'हं' म्हणाली. भोंग्यापाशी बोट थांबलं.

"घड्याळ पुढे? त्या माणसाचं? अगं, स्टेशनमास्तर भोंगा ऐकून स्वतःचं घड्याळ लावायचा! कुणी सांगितलं तुला हे?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे तेव्हा अंथरुणात होते. भोंगा सहाला दहा कमी असतानाच वाजायचा, आणि तो आमच्यासाठी असायचा. दोघींसाठी. काम सहाला सुरू व्हायचं ते साहेबाच्या वहीत. नळ्यांमध्ये रात्रभर पाणी साचून राहतं, त्याला गंज उतरतो. पहिली वाफ सोडली की तो सगळा गंज घेऊन बाहेर येते. ती इस्पितळाच्या चादरीवर पडली की चहा सांडल्यासारखे डाग, आणि ते जन्मात निघत नाहीत. म्हणून आधी दोघींनी यायचं, इस्त्रीच्या लोखंडी रुळावर जुनी फाटकी चादर चढवायची, वाफ सोडायची. पाणी पिवळं आहे तोवर सोडत राहायचं. स्वच्छ आलं की मग बाकीच्या आत. पहिल्या वाफेची पाळी म्हणायचो आम्ही. हे डाग काय," तिनं हात पुढे केला, "सहानंतरचे वाटले की काय तुला? निम्मे त्या दहा मिनिटांतले आहेत."

"थांब, थांब," मी म्हटलं. लिहून घ्यायला हवं होतं आणि वही आतल्या खोलीत. हाताशी एकच कागद होता. मी अर्ज उलटा केला आणि पाठीवर लिहायला लागले. पेन्सिलीनं, भराभर, तिरकं. माझं अक्षर मलाच ओळखू येईना.

"पाणी स्वच्छ झालं हे कळायचं कसं?"

"वासावरून. गंजाचा वास जिभेवर येतो. लिहिलंस?"

"लिहिलं. पाळी किती दिवसांनी यायची?"

"नऊ दिवसांनी. अठराजणी होतो." मग शेंगांकडे बघत, "तू हे असं विचारायला लागलीस तर मटार आज शिजत नाहीत."

तासाभरानं कागद काठोकाठ भरला. कोपऱ्यात मटारच्या सालाचा हिरवा डागही पडला. मी म्हटलं, "आत्या, आणि सही?"

"आधी हे नीट लिही. चुकीच्या कागदावर मी सही करत नाही. नंतरही जायचंच असेल तर 'मला लाज वाटली म्हणून' असं लिहून आण. लगेच करते."

सोमवारी ग्रंथालयाच्या दाराशी मी बराच वेळ घुटमळले. मग सरळ उंच टेबलापाशी गेले आणि विचारलं, "लाँड्रीच्या बॉयलरबद्दल काही कागदपत्रं असतील का? मला शोधता येत नाहीत."

ग्रंथपालांनी चष्मा वर ढकलला. "त्या दिवशी 'त'च्या खणात काय शोधत होतात?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. त्यांचे ओठ जरा हलले, पण त्यांनी ते आवरले. "माझ्याकडे एकदा एक जण 'संपादक' या लेखकाची सगळी पुस्तकं मागायला आला होता," ते म्हणाले. "आज तो कॉलेजात शिकवतो. कोण ते सांगणार नाही. बसा."

लाँड्री बंद झाली तेव्हा तिथले कागद गठ्ठे बांधून ग्रंथालयाच्या तळघरात आणून टाकले होते. ते कुणी सोडूनही पाहिले नव्हते. तीन दुपारी मी ते गठ्ठे सोडले. कपडे धुळीनं माखले, शिंकून शिंकून डोळे सुजले. तिसऱ्या दुपारी बॉयलरची नोंदवही निघाली. लांबट, काळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, काटकोनी अक्षरात लिहिलं होतं: '५.५० पहिली वाफ सोडली. दोघी हजर. ६.०० काम सुरू.' त्याखाली पानभर प्रत्येक तारखेपुढे नुसत्या दोन तिरप्या बारीक रेघा. पान उलटलं की वर पुन्हा तीच ओळ आणि खाली पुन्हा रेघा.

मी वही घेऊन वर पळत गेले. ग्रंथालयात पळत नाहीत हे विसरूनच गेले. ग्रंथपालांनी त्या रेघांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "हे बघा. बॉयलरवाल्याचं तत्रैव."

त्या क्षणाचं काय सांगू? आत्यानं मटार सोलता सोलता सांगितलेली गोष्ट एका अनोळखी माणसानं वर्षानुवर्षं रोज सकाळी लिहून ठेवली होती आणि ती माझ्या हातात होती. आयुष्यात पुढे मी पुष्कळ तळघरं पाहिली, पुष्कळ धूळ खाल्ली. त्या दुपारसारखा आनंद दोन-तीनदाच झाला असेल.

निबंध मी नव्यानं लिहिला. बाराची सात पानं झाली, कारण जे सांगता येत नव्हतं ते काढून टाकलं. या वेळी वर्गात वाचायचा नव्हता. बाईंच्या खोलीत जायचं होतं. अरुंद खोली, खिडकीत वाळलेल्या पानांची कुंडी, समोरच्या खुर्चीवर पुस्तकांचा ढीग, तो उचलून मांडीवर घेऊन मी बसले. बाई वाचत होत्या. हिरवी पेन्सिल उचलायच्या, खाली ठेवायच्या. तळटिपांपाशी आल्या.

पहिली टीप अशी होती: 'आत्याने सांगितले. इस्त्री विभाग, एकतीस वर्षे. स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी.' दुसरी टीप: 'तत्रैव.' तिसरी: 'तत्रैव.' चौथी नोंदवहीची.

बाईंचा चेहरा हलला नाही. "आत्यांना नाव असेलच."

"आहे, बाई."

"मग ते लिहा. पूर्ण. पुस्तकाचं लिहिलं असतंत ना?"

मी लिहिलं. आत्याचं पूर्ण नाव शाईनं लिहिण्याची माझ्यावर ती पहिलीच वेळ.

"मूळ टिपण?"

कागद मी चौघडी घालून आणला होता. आत्याच्या घरात दुसरी रीत नव्हती. तो त्यांच्या हातात दिला, आणि देताक्षणी माझ्या लक्षात आलं की त्याला दुसरी बाजूही आहे. पण आता काय उपयोग? बाईंनी पेन्सिलीचं टिपण सावकाश वाचलं, सालाच्या डागावर बोट फिरवलं, कागद उलटला. अर्जही तितकाच सावकाश वाचला. मांडीवरची पुस्तकं मला एकाएकी जड झाली.

"यातली ही बाजू सुवाच्य आहे," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"पण खाली सही नाही. आणि कौटुंबिक अडचण, असं कोण म्हणतं ते दिलेलं नाही."

"आत्याही तेच म्हणाली."

बाईंनी प्रथमच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या आत्यांना एकदा वर्गावर आणा," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "ही बाजू पुरी करायची आहे का तुम्हाला?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोन आठवड्यांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. आता तळघरातले अजून न सोडलेले पाच गठ्ठे डोळ्यांपुढे आले.

"नाही, बाई."

त्यांनी हिरवी पेन्सिल घेतली, अर्जावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली, कागद पुन्हा घडीवर घडी घालून उलटा केला आणि टिपणाची बाजू वर ठेवून निबंधाला टाचणीनं जोडला. "पुढच्या गुरुवारी वर्गात भेटू."

घरी येऊन मी निबंध आत्यापुढे ठेवला. तिनं हात पुसले, चष्मा लावला, आणि सगळं सोडून आधी तळटिपाच काढल्या. पहिल्या टिपेतल्या स्वतःच्या नावाखाली बोट धरून ते दोनदा वाचलं. बोट खाली सरकलं.

"आणि ही तत्रैव कोण?"

"तीही तूच."

"आणि ही तिसरी?"

"तीसुद्धा तूच, आत्या."

तिनं बोट पुन्हा पहिल्या टिपेवर नेलं. मग चष्मा काढून घडी घालत म्हणाली, "एवढं आहे तर तीनदा नाव लिहायला शाई संपत होती काय तुझी?"